सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तळावरच्या माणसांशी ओळख कशी करावी

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, हे खान्देशात पोरासोरांनाही ठाऊक आहे. शहादा तालुक्यातलं हे गाव, तिथलं एकमुखी दत्ताचं मंदिर, यात्रा, तमाशाचे फड, आकाशपाळणे आणि गेल्या काही वर्षांत त्याला जोडून होणारा चेतक फेस्टिव्हल. बहुतेक जण येतात, दर्शन घेतात, घोड्यांसोबत चार फोटो काढतात, शेवभाजी खातात आणि संध्याकाळी घर गाठतात. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा कुठून कुठून आलेली माणसं तिथं कनातीखाली आठ-पंधरा दिवस संसार मांडून बसलेली असतात. त्यांच्याशी मात्र कोणी धड बोलत नाही. ज्यांना ती माणसं भेटायची आहेत, घोडा घ्यायचा असो वा नसो, त्यांच्यासाठी ही माहिती.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तळावर ओळख पहिल्या फेरीत होत नाही, दुसऱ्या फेरीत होते. पहिल्या दिवशी तुम्ही गर्दीतले एक असता. दुसऱ्या दिवशी त्याच दावणीपाशी त्याच वेळेला दिसलात की समोरचा स्वतःहून विचारतो, “कल भी आये थे ना?” म्हणून किमान एक रात्र मुक्काम करायचा, जमलं तर दोन. एका दिवसात पन्नास तंबू फिरण्यापेक्षा तीन तंबू निवडा आणि त्यांच्याकडे दोनदा जा.

कधी जावं

यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते. तारीख दरवर्षी सरकते: २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला होती, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. २०२६ मध्ये अधिक महिना असल्याने ती डिसेंबरच्या उत्तरार्धात जाते. बाजार मात्र पौर्णिमेच्या आधीच भरायला लागतो. घोड्यांचे ट्रक चार-सहा दिवस अगोदर उतरायला सुरुवात होते.

बोलायला सगळ्यात वाईट दिवस म्हणजे खुद्द पौर्णिमा आणि त्यानंतरचा रविवार. धूळ, भोंगे, ढकलाढकली आणि प्रत्येक घोड्यापुढे मोबाइल धरून उभी असलेली रांग. घोडेवाला त्या दिवशी गिऱ्हाईक आणि चोर यांच्यावर डोळा ठेवून असतो, गप्पांना तो मोकळा नसतो. पौर्णिमेआधीचे तीन-चार दिवस उत्तम. तेव्हा लोक नुकते उतरलेले असतात आणि त्यांना शंभर गोष्टी हव्या असतात: कडबा कुठे बरा मिळेल, टँकर किती वाजता येतो, नालबंद कुठे बसलाय, गुरांचा दवाखाना कुठे, शहाद्याला जायला वाहन कुठून मिळतं. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. दहा घोडे घेऊन आलेल्या माणसाला पाण्याची खबर देणारा खान्देशी माणूस लगेच आपला वाटतो. म्हणून जाण्याआधी ही माहिती गावात फिरून गोळा करून ठेवा. तळावर शिरायचं ते हेच तिकीट.

दुसरी चांगली वेळ पौर्णिमेनंतरचा मधला वार. ज्याचा घोडा विकला गेला तो निवांत असतो आणि तासभर गप्पा मारतो. ज्याचा विकला गेला नाही त्याच्याशी विक्रीचा विषय काढू नये, एवढं पथ्य पाळलं की तोही बोलतो.

दिवसाचं वेळापत्रकही असतंच. पहाटेपासून सात-साडेसातपर्यंत लीद काढणं, पाणी, चंदी म्हणजे दाणा, खरारा म्हणजे ब्रशने अंग घासणं. या वेळी गप्पा नकोत, पण लांबून उभं राहून बघायला कोणी हरकत घेत नाही. आठ ते अकरा घोडे फिरवून दाखवायची वेळ, म्हणजे धंद्याची. साडेबारा ते दोन जेवण आणि डुलकी. दोनच्या पुढे चहा मांडला जातो, तेव्हा हळूच जावं. चारनंतर पुन्हा गर्दी. अंधार पडल्यावर सात ते साडेनऊ शेकोटीची वेळ, आणि खरी ओळख होते ती इथेच. दहानंतर परक्याच्या दावणीजवळ फिरू नका. घोडा हे लाखांचं जनावर आहे. रात्री उशिरा तिथं घुटमळणाऱ्याकडे कोणीही संशयानेच बघणार.

मुक्कामाची सोय

दोंडाईचा हे सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन जवळ पडतं. तिथून तापीचा पूल ओलांडून सारंगखेडा. शहाद्याहून एसटी आणि यात्रेच्या जादा गाड्या असतात. लॉजमध्ये राहून रोज ये-जा करता येते, पण संध्याकाळी सातची शेकोटी हुकते आणि मग येण्याला अर्थ उरत नाही. तळाजवळ राहुटी टाकणं उत्तम.

जागा आपल्या मनाने धरू नका. ग्रामपंचायत किंवा यात्रेच्या आयोजकांना विचारा आणि दाखवतील तिथं उतरा. घोड्यांच्या रांगांच्या मधे किंवा अगदी लगत तंबू ठोकू नये. रात्री एखादा घोडा सुटला तर तो तंबूच्या दोऱ्यांत अडकून पडतो. त्याचा पाय मोडला तर तुमची ओळख तिथंच संपली, आणि भरपाईचा वाद उभा राहिला तो वेगळाच. शंभरेक फूट अंतर ठेवा. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा म्हणजे अंधारात माणसालाही दिसतील. वारा कुठून येतो ते बघून लिदीच्या ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाला राहा. नदीच्या उतारावर खालच्या बाजूला टाकलेल्या तंबूत पहाटे दवाने सगळं ओलं होतं. थोडी उंचावरची, कोरडी जागा बघा. वाळूमिश्रित जमिनीत छोट्या खुंट्या उपटून येतात, तेव्हा हात-सव्वा हात लांबीच्या लोखंडी खुंट्या न्या.

थंडीला हलक्यात घेऊ नका. दुपारी सदऱ्यावर घाम येतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. डिसेंबरात खान्देशात हे नेहमीचंच. माणशी दोन पांघरुणं, त्यातली एक घोंगडी किंवा जाड गोधडी, खाली अंथरायला ताडपत्री आणि सतरंजी, कानटोपी, पायमोजे. सोबत बॅटरी, माणशी पाच लिटर पाणी आणि एक मोठी पॉवरबँक. पॉवरबँकेचं महत्त्व तिथं गेल्यावर कळतं: तळावर मोबाइल चार्ज करायच्या जागा थोड्या आणि रांगा लांब. “काका, मोबाइल लावायचाय का?” या एका प्रश्नाने जितकी दारं उघडतात तितकी कुठल्याच नमस्काराने उघडत नाहीत.

सरपण आपलं आपण न्यावं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, भुरकन पेटतात आणि दहा मिनिटांत राख होतात. शेकोटी धरायला बाभळीची पाच-सात जाड ढलपी हवीत. दुसऱ्याच्या ढिगातलं लाकूड विचारल्याशिवाय उचलू नये. आणि कडब्याच्या गंजीपासून पन्नास फुटांच्या आत आग नको. उडालेली एक ठिणगी पूर्ण तळ पेटवू शकते, त्यामुळे या बाबतीत घोडेवाले कोणाचं ऐकून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पहिलं बोलणं

घोड्याला पुढून दोन दोर असतात, आगाडी, आणि मागच्या पायांना पिछाडी. दावणीच्या आत, म्हणजे घोडे आणि तंबू यांच्या मधल्या पट्ट्यात, बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नका. बाहेरच थांबा, पुढच्या बाजूला, माणसाला दिसाल असे. राम राम घाला आणि उत्तर येईपर्यंत तिथंच राहा. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं जुने लोक सांगतात. साहेबाचं तुम्ही बघा, घोड्याचं मात्र शब्दशः खरं आहे. घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट शेपटीमागचं आणि नाकासमोरचं थोडं दिसत नाही. मागून अचानक आलेली चाहूल लागली की तो आधी लाथ झाडतो, मग बघतो. दहा-बारा फूट अंतर ठेवून वळसा घाला. जवळ जायला सांगितलं तर डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. कान मागे दाबलेले दिसले तर थांबा. छत्री, फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, अंगावर पांघरलेली मोठी शाल, यांनी घोडी बुजतात.

हाक कशी मारायची? खान्देशातल्या माणसाला भाऊ, आबा, नाना, आप्पा, वडीलधाऱ्याला जिभाऊ. अहिराणी येत असेल तर “राम राम भो, कोणता गावना शेतस?” एवढ्यावर काम होतं, साक्री, शिंदखेडा, अमळनेरकडचा माणूस असेल तर तो लगेच जागा करून देतो. राजस्थानी माणसाला “राम राम सा” किंवा “खम्मा घणी”, वयस्कर असेल तर काकोसा. काठेवाडी दरबारांना, म्हणजे तिकडच्या राजपूत-काठी मंडळींना, बापू, आणि “जय माताजी”. सरदारजींना “सत श्री अकाल”. पुढचं सगळं हिंदीत. मोडकी हिंदी चालते; त्यांच्या बोलीची नक्कल करून हसवायला गेलात तर मात्र ते हसतील आणि तोंड फिरवतील.

पहिला प्रश्न किमतीचा नसावा, ही या सगळ्या लिखाणातली सर्वांत उपयोगाची ओळ समजा. बाजारात किंमत विचारणं म्हणजे सौद्याला तोंड फोडणं. दिवसभरात दोनशे रिकामटेकड्यांनी “कितने का है?” विचारलेलं असतं, तुम्ही दोनशे एकावे. घोडेवाला एकतर आकाशाला भिडणारा आकडा सांगून तुम्हाला वाटेला लावतो, नाहीतर खरंच गिऱ्हाईक समजून घोडा सोडून फिरवून दाखवतो आणि मग तुम्ही हात झटकल्यावर चिडतो. घ्यायचा नसेल तर सुरुवातीलाच सांगून टाका: “घ्यायचा नाहीये काका, बघायला आणि दोन शब्द बोलायला आलोय.” यात कमीपणा काही नाही. उलट माणूस सैलावतो.

चालणारे प्रश्न वेगळे. गाडीत किती रात्री लागल्या आणि वाटेत जनावरं कुठे उतरवली? पुष्कर करून आलात का? (पुष्करचा मेळा कार्तिक पौर्णिमेला संपतो, म्हणजे बरोबर एक महिना आधी, तिथला बाजार कसा होता हा विषय निघाला की अर्धा तास कुठे जात नाही.) ही घोडी कोणाच्या वंशाची? घोडेवाल्याला स्वतःच्या आजोबांपेक्षा घोडीचे आजोबा जास्त पाठ असतात. चंदीत काय देता, हरभरा की जव? रेवाल चाल (स्वाराला हिसके न बसणारी जलद चाल) शिकवलीय की उपजत आहे?

थोडी ओळख आपल्याकडेही हवी. मारवाडी आणि काठेवाडी दोन्ही घोड्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडणारी. काठेवाडी सहसा थोडा ठेंगणा. नुकरा म्हणजे पांढरा, गुलाबी कातडीचा. अबलख म्हणजे मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, कुमैत म्हणजे तपकिरी-तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. चारी पाय आणि कपाळ पांढरं तो पंचकल्याणी. एवढे शब्द योग्य जागी वापरलेत तर समोरचा तुम्हाला बघ्यांच्या रांगेतून बाहेर काढतो. पण ज्ञान पाजळू नका. विशेषतः भोवऱ्यांबद्दल तोंड बंद ठेवा. अंगावरचे केसांचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवायची रीत अजून पक्की आहे. गळ्यावरचा देवमण चांगला, डोळ्याखालचा आसूढाळ वाईट. गिऱ्हाईक उभं असताना तुम्ही मोठ्याने “इथं भोवरा आहे की हो” म्हणालात तर हजारोंचं नुकसान करून बसाल. विश्वास असो नसो, भाव त्यावर पडतो. तसंच वय बघायला घोड्याचं तोंड स्वतः उघडायचं नाही. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून सगळे पक्के येतात आणि पुढचं वय दातांच्या झिजेवरून काढतात, हे माहीत असणं वेगळं आणि परक्याच्या जनावराच्या तोंडात हात घालणं वेगळं.

दोन माणसं हातावर रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकून गप्प उभी दिसली तर थांबू नका, डोकावू नका. रुमालाखाली बोटं दाबून आकडा ठरवायची ही जनावरांच्या बाजारातली जुनी रीत आहे. सौदा झाला, विसार म्हणजे आगाऊ रक्कम हातावर पडली, बाजार समितीची पावती फाटली, की मग जाऊन अभिनंदन करा, पेढा मिळेल.

जिथं माणसं आपोआप थांबतात

तंबूत जायचा धीर होत नसेल तर वाट बघायच्या जागा गाठा. नालबंद हा सगळ्यात चांगला. घोड्याचे नाल दीड-दोन महिन्यांनी बदलावे लागतात आणि बाजारात दाखवायच्या आधी बरेच जण ते करून घेतात. नालबंद खूर तासत असताना मालक लगाम धरून अर्धा तास नुसता उभा असतो. त्याला बोलायचंच असतं. उकिडवं बसलेल्या नालबंदाच्या मागे उभे राहू नका, त्याच्या हातात धारदार हत्यार असतं. थोडं बाजूला, मालकाच्या अंगाला उभे राहा. खूर कसा आहे, रेतीत चालणाऱ्या घोड्याचा आणि आपल्या काळ्या मातीतल्या घोड्याचा खूर कसा वेगळा झिजतो, असं काही विचारा. नालबंदही बोलतो, आणि त्याला अख्खा तळ ओळखत असतो. त्याने “जा, त्या हिरव्या कनातीत जा, माझं नाव सांग” म्हटलं की काम झालं.

दुसरी जागा खोगीर, लगाम, तोबरे, घुंगरांच्या माळा विकणाऱ्यांची दुकानं. तिसरी पाण्याचा टँकर: दोन बादल्या उचलून दिल्यात तर ओळख तिथंच. चौथी सकाळची चहाची टपरी. तमाशाच्या कनातीत आणि स्पर्धेच्या मैदानावर शेजारी बसलेल्याशी बोलणं होतं, पण आवाजामुळे ते पुढे सरकत नाही.

चहा, शेकोटी आणि भरीत

चहा पुढे आला तर घ्यायचा. पोट भरलं असेल तर अर्धा कप म्हणा, पण नको म्हणू नका. पैसे तर काढूच नका. परतफेड दुसऱ्या दिवशी: किलोभर साखर, पाव किलो चहापत्ती, लिटरभर दूध. तळावर दुधाची चणचण असते, त्यामुळे मिठाईच्या पुड्यापेक्षा दुधाची पिशवी जास्त गोड लागते. दारूची बाटली नेऊ नका. नेणारे असतात, आणि रात्री भांडणं तिथूनच सुरू होतात.

शेकोटीवर बसताना मोकळी दिसेल ती जागा पकडू नये. म्हातारा जिथं बसतो ती वाऱ्याकडे पाठ असलेली जागा त्याचीच असते. धुराच्या बाजूला बसा, कोणीतरी “इधर आओ” म्हणेलच. बसताना दोन ढलप्या आगीत टाका, मग बसा. आणि जरा गप्प बसायची सवय ठेवा. शेकोटीवर बोलण्यात खंड पडला तर तो भरून काढायची जबाबदारी आपली नाही.

दोन संध्याकाळी ओळख झाली असेल तर तिसऱ्या संध्याकाळी आपल्या राहुटीवर भरीत लावा. खान्देशी माणसाकडे द्यायला याहून चांगलं काही नाही. वेळही जुळते: चातुर्मासात वांगं सोडलेले लोक चंपाषष्ठीला ते पुन्हा खायला लागतात, आणि चंपाषष्ठी दत्तजयंतीच्या आठ-नऊ दिवस आधीच होऊन गेलेली असते. शिवाय मारवाडी, गुजराती बरेच शाकाहारी असतात आणि पंजाबी, मुसलमान घोडेवाल्यांनाही यात काही अडचण नाही. फक्त कांदा-लसूण न खाणारा कोणी आहे का, हे आधी विचारा आणि त्याच्यासाठी वाटीभर बाजूला काढा. पौर्णिमेच्या दिवशी मात्र हा बेत ठेवू नका. दत्तजन्मापर्यंत अनेकांचा उपास असतो, त्या दिवशी केळ्यांची फणी नेलेली बरी.

पंधरा जणांसाठी चार किलो वांगी घ्या, भरताची, हिरवट-पांढरी, मोठी, हाताला हलकी लागणारी. जड वांग्यात बिया फार. सोबत पाव किलो हिरव्या मिरच्या, दीडशे ग्रॅम लसूण, पाव किलो शेंगदाणे, कांद्याच्या पातीच्या तीन जुड्या, कोथिंबिरीच्या दोन, पाव लिटरला थोडं वर तेल. वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावा, नाहीतर फुटून अंगावर उडतात. पऱ्हाट्यांचा जाळ करून फिरवत भाजा, पंधरा-वीस मिनिटं, देठाजवळ दाबलं की बोट आत जाईपर्यंत. देठाजवळ कच्चं राहिलं तर भरीत तुरट लागतं. झाकून ठेवा, मग साली काढा. इथं पाहुण्यांना कामाला लावा: पंधरा जण गोल करून गरम वांगी सोलत बसले, बोटं पोळली, हसले, की पुढचं बोलणं कोणाला सुरू करून द्यावं लागत नाही. मिरच्या-लसूण भाजून वांग्यांसोबत लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायचं, तेलात शेंगदाणे तळून त्यातच पात परतायची आणि सगळं एकत्र करायचं. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरी माणशी दोन धरल्या तर तीन किलो पीठ लागतं; शेकोटीवर तीस भाकरी थापणं सोपं नाही, गावातल्या बायकांना आगाऊ सांगून करून घ्या आणि त्यांचे पैसे चोख द्या.

एक काळजी: मिरच्या भाजताना वारा घोड्यांकडे असेल तर थांबा. ठसक्याने घोडी खोकायला लागतात, मालक धावत येतो आणि जेवणाआधीच वाजतं.

बायका, मुलं, फोटो

काही कुटुंबं बायका-मुलांसह येतात. पुरुषांनी चुलीपाशी जाऊन गप्पा मारायला बघू नये. घरातला कर्ता सोबत असेल तरच बोलावं. बाईमाणसाला मात्र तिथं मोकळं दार असतं. भाजी निवडायला बसलं, पोराला मांडीवर घेतलं, की पुरुषांना दोन दिवसांत कळत नाही ते तासाभरात कळतं. मुलांना पैसे देऊ नका. पुढच्या वेळी ती हात पसरून मागे लागतात आणि आईबापांना ओशाळवाणं वाटतं. शेंगा, केळी, वही-पेन ठीक, तेही आईला विचारून.

फोटो आधी माणसाचा मागा, मग घोड्याचा. सगळे उलटं करतात. फ्लॅश बंद. ड्रोन तर आणूच नका. डोक्यावर घरघर झाली की रांगेच्या रांग खुंट्याला हिसडे देते. बायकांचे फोटो नाहीत, सौदा चालू असताना व्हिडिओ नाही, आणि कोणाच्याही घोड्याचा फोटो किमतीचा आकडा टाकून पुढे पाठवायचा नाही. तो आकडा फिरत फिरत गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचतो आणि घोडेवाल्याचा भाव तुटतो. काढलेला फोटो मात्र त्याला जरूर पाठवा, त्याच दिवशी.

घोड्याला गूळ, बिस्कीट, चपाती असं काही आपल्या हाताने चारू नये. खाण्यात बदल झाला की घोड्याला पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेततो, म्हणून मालक या बाबतीत कडक असतात. दुसरं, नाकातून घट्ट पिवळसर स्राव, अंगावर गाठी किंवा फुटलेले फोड असलेलं जनावर दिसलं तर हात लावू नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. एका जनावराला हात लावून दुसऱ्याकडे जाताना हात साबणाने धुवा. तुम्ही तसं करताना दिसलात तर जाणता घोडेवाला मनातल्या मनात तुम्हाला एक गुण वाढवून देतो.

रानातले तळ

बाजार सोडून परतताना वाटेत शेतांमधून ठेलारींचे मेंढ्यांचे वाडे आणि काठेवाड्यांचे गाईंचे तळ दिसतात. तिथले नियम वेगळे आहेत. मुख्य नियम कुत्र्यांचा. वाड्याची कुत्री लांडग्याला न घाबरणारी असतात आणि मालक रानात असताना कोणालाच ओळखत नाहीत. बांधावर थांबून हाक द्या, माणूस येऊन कुत्री आवरेपर्यंत पुढे जाऊ नका, पळू तर नकाच. अंधारात वाड्यावर जाऊ नये. सकाळी मेंढ्या चरायला सुटण्याआधी किंवा सूर्य मावळताना त्या परतल्यावर जा. बोलायला विषय हवा असेल तर ज्या शेतात मेंढ्या बसवल्यात त्या शेतकऱ्याकडून ओळख घेऊन जा. खतासाठी मेंढ्या किती रात्री बसवायच्या हा व्यवहार त्यांच्यात ठरलेला असतो, त्यामुळे शेतकऱ्याचा शब्द तिथं चालतो. काठेवाड्यांकडे दूध-तूप विकत घ्या, घासाघीस न करता.

ओळख टिकवायची कशी

नंबर घेताना नुसतं नाव लिहू नका. तळावर एकाच नावाचे चार निघतात. नाव, गाव, घोडीचा रंग असं लिहा. निघताना तंबूच्या खुंट्यांचे खड्डे बुजवा, राख पाणी टाकून विझवा, आणि ज्यांच्याकडे चहा प्यालात त्या प्रत्येकाला सांगून निघा. न सांगता गेलेला माणूस घोडेवाल्यांच्या हिशेबात उधारी बुडवून गेल्यासारखाच.

पुढे ही माणसं कुठे असतील याचा अंदाज ठेवा. मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, बरेच घोडेवाले सारंगखेड्याहून तिकडे वळतात. पंजाबातल्यांना जानेवारीच्या मध्यात मुक्तसरच्या माघी मेळ्याचा घोडेबाजार असतो. तेव्हा पहिला फोन माळेगाव उरकल्यावर करा, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, आणि “घोडा विकला का?” असं विचारण्याऐवजी घोडीची तब्येत विचारा. दुसरा फोन दिवाळीनंतर: तापीवरचा रस्ता कसा आहे, कडब्याचा भाव काय चाललाय, पाऊस किती झाला आणि यंदा दत्तजयंती किती तारखेला येते ते कळवा. ट्रक ठरवायच्या आधी ही माहिती त्यांना लागतेच.